'नुरा कुस्ती' म्हणजे काय? कुस्तीचा चाहता डब्ल्यूडब्ल्यूई, कॉमेडी शो आणि राजकारण एकाच नजरेने का बघतो?

ऑक्टोबर २०१९. विधानसभा निवडणुकीचा प्रचार जोरात होता. आमचे पैलवान तेल लावून तयार आहेत, पण समोर लढायला कुणी पैलवानच दिसत नाही, असं तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस सभांमधून सांगत होते. त्याला शरद पवारांनी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या सभेत उत्तर दिलं. कुस्ती पैलवानांशी होते, बाकीच्यांशी नाही, अशा अर्थाचं बोलत त्यांनी एक हातवारा केला. सभेत हशा पिकला, टाळ्या पडल्या आणि तो व्हिडिओ राज्यभर फिरला.

या एका प्रसंगात तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. भाषा कुस्तीची होती, प्रतिसाद विनोदाला मिळावा तसा होता आणि विषय राजकारणाचा होता. महाराष्ट्रात या तीन गोष्टी वेगळ्या काढणं तसं अवघडच आहे. निवडणुकीचा 'आखाडा' असतो, उमेदवार 'शड्डू ठोकतो', विरोधक 'चितपट' होतो आणि सहजासहजी हाती न लागणाऱ्या नेत्याला 'तेल लावलेला पैलवान' म्हणतात.

बार्शी जिल्ह्याच्या एका टोकाला आहे, तर मैंदर्गी दुसऱ्या टोकाला. अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकच्या सीमेजवळचं हे नगरपरिषदेचं गाव. इथे घरात कन्नड आणि कचेरीत मराठी असा रिवाज नवा नाही. तालमीला मराठीत तालीम म्हणतात आणि सीमेपलीकडे कन्नडमध्ये गरडी मने, पण लाल माती दोन्हीकडे सारखीच.

अशा गावातल्या कुस्तीशौकिनाची संध्याकाळ आज कशी जाते? आधी मोबाईलवर रोमन रेन्सची क्लिप. मग गावोगावच्या मैदानांतल्या कुस्त्यांचे व्हिडिओ. रात्री टीव्हीवर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' आणि अधूनमधून बातम्यांच्या चॅनेलवर दोन नेत्यांची खडाजंगी. चारही ठिकाणी त्याच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं, "हे सगळं ठरलेलं असतंय."

हे वाक्य कधी बरोबर असतं, कधी अर्धवट बरोबर असतं आणि कधी साफ चुकीचं. ते कुठे लागू होतं आणि कुठे नाही, हे समजून घेण्यासाठी सुरुवात एका जुन्या शब्दापासून करावी लागेल.

नुरा कुस्ती म्हणजे नेमकं काय?

दोन पैलवानांनी आधीच निकाल ठरवून, लोकांसमोर मात्र खरी लढत असल्यासारखी केलेली कुस्ती म्हणजे नुरा कुस्ती. हा शब्द फक्त मराठीत नाही. हिंदी पट्ट्यात आणि पाकिस्तानातल्या राजकीय बातम्यांमध्येही तो सर्रास वापरला जातो.

मातीतल्या कुस्तीत ही शिवी का आहे, हे कळण्यासाठी जत्रेतलं मैदान कसं चालतं ते बघायला हवं.

गावची यात्रा आली की कुस्त्यांचा फड भरतो. सुरुवातीला लहान पोरांच्या कुस्त्या लागतात आणि त्यांना रेवड्या, नारळ किंवा थोडेफार पैसे मिळतात. मग वजन आणि नावाप्रमाणे जोड्या वाढत जातात आणि शेवटी पहिल्या क्रमांकाची मोठ्या इनामाची कुस्ती होते. हलगी वाजत असते. निवेदक पैलवानाचं गाव, तालीम, वस्ताद यांची नावं घेत असतो. इनामाचा पैसा येतो तो गावकऱ्यांच्या वर्गणीतून आणि देणगीदारांच्या खिशातून.

इथे प्रेक्षकाला हवी असते निकाली कुस्ती. म्हणजे एकाची पाठ मातीला लागली पाहिजे. दोघे पैलवान बराच वेळ नुसतीच खडाखडी करत राहिले, एकमेकांच्या मानेवर हात ठेवून फिरत राहिले आणि शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवली, की कडेने आरडाओरडा सुरू होतो. दोघांनी इनाम वाटून घ्यायचं आधीच ठरवलं होतं, अशी शंका लगेच येते.

शंका खरी असेलच असं नाही. तुल्यबळ पैलवान खरोखरच एकमेकांना दाद देत नाहीत. पण शंका येण्यामागचं कारण स्पष्ट आहे. लोकांनी पैसा आणि विश्वास दिलेला असतो तो खऱ्या लढतीसाठी. ती खरी नसेल, तर त्यांची फसवणूक झालेली असते.

मग डब्ल्यूडब्ल्यूईत सगळं ठरलेलं असूनही लोक का बघतात?

कारण तिथे फसवणूक होत नाही. निदान आता तरी होत नाही.

अमेरिकेतली व्यावसायिक कुस्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जत्रा आणि फिरत्या खेळांमधून वाढली. हळूहळू लढतींचे निकाल आधीच ठरू लागले, पण ते बाहेर सांगायचं नाही असा या धंद्यातला कडक नियम होता. या नियमाला तिथल्या पैलवानांच्या बोलीत 'केफेब' म्हणतात. खलनायकाचं काम करणारा पैलवान रिंगबाहेरही खलनायकासारखाच वागायचा. नायक आणि खलनायकाने एका गाडीतून फिरायचं नाही, एका टेबलावर जेवायचं नाही.

मे १९८७ मध्ये हा नियम जाहीरपणे तुटला. टीव्हीवर कट्टर वैरी म्हणून दाखवले जाणारे आयर्न शेख आणि 'हॅकसॉ' जिम डग्गन न्यू जर्सीत एकाच गाडीतून जाताना पोलिसांना सापडले. गाडीत अमली पदार्थ मिळाल्याची बातमी तर झालीच, पण चाहत्यांसाठी मोठी बातमी ही होती की हे दोघे एकाच गाडीत होते.

दोनच वर्षांनी, १९८९ मध्ये, कंपनीने स्वतःच कबुली दिली. खेळांवर लागू होणाऱ्या सरकारी नियमांतून आणि करांतून सुटका हवी होती. त्यासाठी तेव्हाच्या डब्ल्यूडब्ल्यूएफने न्यू जर्सीच्या लोकप्रतिनिधींसमोर मान्य केलं की आमचं काम ही स्पर्धा नसून मनोरंजन आहे.

धंदा बसला का? उलट वाढला. कारण बहुतेक चाहत्यांना हे आतून ठाऊकच होतं. त्यांना कोण जिंकलं यापेक्षा गोष्ट कशी सांगितली, याच्यात रस होता.

भारतात ही गोष्ट थोडी उशिरा पोहोचली. नव्वदच्या दशकात केबल आली आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ घराघरात गेलं. पैलवानांची उंची, वजन, छाती आणि रँक छापलेली ट्रम्प कार्डं शाळेच्या दप्तरात लपवून नेली जायची. अंडरटेकर खरंच मेलेला आहे का, यावर मधल्या सुट्टीत वाद व्हायचे. १९९६ च्या 'खिलाडियों का खिलाडी' या चित्रपटात अक्षय कुमारशी लढलेला अंडरटेकर हा मूळ अंडरटेकर नव्हता, ते काम ब्रायन ली या दुसऱ्याच पैलवानाने केलं होतं. हे अनेकांना कित्येक वर्षांनी कळलं.

त्याही आधी मुंबईकरांनी दारा सिंग यांच्या फ्रीस्टाईल कुस्त्या डोक्यावर घेतल्या होत्या. किंग काँगसारख्या अवाढव्य मल्लाशी त्यांच्या झालेल्या लढतींची वर्णनं आजही जुनी मंडळी करतात. १९६८ मध्ये त्यांनी मुंबईत अमेरिकेच्या लू थेझ यांना हरवलं. त्या लढतींत खरं किती आणि खेळ किती, हा प्रश्न तेव्हाच्या प्रेक्षकाला फारसा पडला नाही.

चाहत्यांची भाषा: सहा शब्द

डब्ल्यूडब्ल्यूईचा चाहता जी भाषा बोलतो, ती समजली की त्याची राजकारणावरची मतंही समजू लागतात.

- फेस: नायक. लोकांनी ज्याच्यासाठी टाळ्या वाजवायच्या तो.
- हील: खलनायक. ज्याची हुर्यो उडवायची तो. चांगला हील मिळाला नाही तर नायकालाही किंमत राहत नाही.
- टर्न: बाजू बदलणं. ७ जुलै १९९६ रोजी हल्क होगनने अचानक खलनायकांशी हातमिळवणी केली, तेव्हा प्रेक्षकांनी रिंगमध्ये कचरा फेकला होता.
- प्रोमो: माईक हातात घेऊन प्रतिस्पर्ध्याला दिलेलं आव्हान. अंगात ताकद आहे पण प्रोमो जमत नाही, असा पैलवान फार वर जात नाही.
- वर्क: ठरवून केलेली गोष्ट.
- शूट: न ठरवता घडलेली, खरी गोष्ट.

शेवटचे दोन शब्द सगळ्यात महत्त्वाचे. जाणकार चाहत्याचा अर्धा वेळ एकाच प्रश्नात जातो. आत्ता जे दिसलं, ते वर्क होतं की शूट?

यात कॉमेडी शो कुठून आले?

कुस्ती आणि विनोद यांचं नातं वाटतं त्यापेक्षा जवळचं आहे. दोन्हीकडे सगळा खेळ वेळ साधण्याचा असतो. ठोसा जोरात बसलाय असं वाटायला लावतो, तो मार खाणारा. विनोदातही पहिल्याने वाक्य टाकलं तरी हशा येतो तो दुसऱ्याच्या चेहऱ्यावरच्या भावामुळे.

मराठी प्रेक्षकाला ही रीत नवी नाही. तमाशात गण आणि गवळण झाली की बतावणी यायची, मग वग. सोंगाड्या राजाच्या दरबारात उभा राहून राजाचीच खिल्ली उडवायचा आणि गावातल्या पुढाऱ्याला नाव न घेता चिमटा काढायचा. पुढारी पुढच्या रांगेत बसून हसायचा. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मधून दादा कोंडके यांनी हीच परंपरा शहरी रंगमंचावर गाजवली.

टीव्हीवर ही परंपरा झी मराठीच्या 'फू बाई फू'मधून, २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या'मधून आणि २०१८ पासून सोनी मराठीवरच्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मधून पुढे आली. भाऊ कदम साडी नेसून आले की ते भाऊ कदम आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. समीर चौघुले स्किटमध्ये तडफडतात, तेव्हा कुणी डॉक्टरला बोलावत नाही.

म्हणजे इथेही सोंग आहे, पण ते प्रेक्षकाच्या संमतीने. कुस्तीच्या चाहत्याची कॉमेडी शोवरची तक्रारही त्यामुळे वेगळी असते. स्किट लिहून आणलेलं असतं, याबद्दल त्याचं काही म्हणणं नसतं. परीक्षक किंवा पाहुणा उगाच हसतोय असं वाटलं की मात्र त्याचा रस जातो. लिहिलेला विनोद त्याला चालतो, खोटं हसू चालत नाही.

हा करार राजकारण्यांनी मान्य केला नाही की काय होतं, याचं उदाहरण मार्च २०२५ मध्ये मुंबईत दिसलं. कुणाल कामरा यांनी तेव्हाचे उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर केलेल्या विडंबनगीतानंतर खारमधल्या हॅबिटॅट स्टुडिओची शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी तोडफोड केली. कामरा यांच्यावर गुन्हा दाखल झाला, तसा तोडफोड करणाऱ्यांवरही झाला. विनोद मर्यादेत होता की नाही, यावर मतं वेगळी असू शकतात. पण सोंगाड्याचं बोलणं सोंग म्हणून ऐकायचं, ही जुनी समजूत किती पातळ झाली आहे हे त्यातून कळलं.

आणि राजकारण?

पैलवान आणि राजकारण यांची ये-जा जुनी आहे. दारा सिंग २००३ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाले. डब्ल्यूडब्ल्यूईत २००७ मध्ये विश्वविजेता ठरलेला द ग्रेट खली, म्हणजे दलीपसिंग राणा, फेब्रुवारी २०२२ मध्ये भाजपमध्ये गेला. वर्ध्याचे दोन वेळचे खासदार रामदास तडस हे मूळचे पैलवान. २००७ आणि २००८ असे सलग दोनदा महाराष्ट्र केसरी झालेले चंद्रहार पाटील यांनी २०२४ ची लोकसभा निवडणूक सांगलीतून उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेकडून लढवली. ते हरले आणि पुढच्या वर्षी एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत गेले.

अमेरिकेत तर हे नातं आणखी घट्ट आहे. माजी पैलवान जेसी व्हेंचुरा १९९८ मध्ये मिनेसोटाचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. 'केन' नावाने लढणारे ग्लेन जेकब्स २०१८ मध्ये टेनेसीतल्या नॉक्स काउंटीचे मेयर झाले. डोनाल्ड ट्रम्प २००७ च्या रेसलमेनियात उतरले होते. पैजेप्रमाणे त्यांनी कंपनीचे मालक विन्स मॅकमॅहन यांचं भर रिंगमध्ये मुंडण केलं. २०१३ मध्ये त्यांना डब्ल्यूडब्ल्यूईच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं आणि २०२५ मध्ये त्यांच्या मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री झाल्या त्या विन्स यांच्या पत्नी लिंडा मॅकमॅहन.

पण माणसांच्या ये-जा करण्यापेक्षा भाषेची ये-जा जास्त लक्षात घेण्यासारखी आहे.

महाराष्ट्रात २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांनी शपथ घेतली, ते सरकार काही दिवसांत पडलं. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. २ जुलै २०२३ रोजी अजित पवार यांनी पुन्हा बाजू बदलली आणि ते शिंदे सरकारमध्ये उपमुख्यमंत्री झाले. दरवेळी सामान्य माणसाने विचारलेला प्रश्न एकच होता. हे खरं भांडण आहे की आतून ठरलेलं? कुस्तीचा चाहता तोच प्रश्न आपल्या शब्दांत विचारतो. वर्क की शूट?

स्थानिक निवडणुकांत तर यासाठी अधिकृत शब्दच आहे. 'मैत्रीपूर्ण लढत'. राज्यात एकत्र सत्तेत असलेले पक्ष गावात एकमेकांविरुद्ध उभे राहतात आणि निकालानंतर पुन्हा एकत्र येण्याची वाट मोकळी ठेवतात. २ डिसेंबर २०२५ रोजी राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी मतदान झालं, तेव्हाही अनेक ठिकाणी मित्रपक्ष समोरासमोर होते. विरोधक अशा लढतीला 'नुरा कुस्ती' म्हणतात. फरक इतकाच की मैदानात वर्गणी गेलेली असते आणि इथे मत.

खऱ्या कुस्तीवरचा विश्वास का डळमळला?

गंमत म्हणजे, ज्या कुस्तीत निकाल ठरलेला नसतो, तिथेच गेल्या काही वर्षांत सर्वाधिक संशय घेतला गेला.

महाराष्ट्र केसरी ही राज्यातली सर्वांत मानाची स्पर्धा. मामासाहेब मोहोळ यांनी १९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन केली आणि १९६१ मध्ये औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांच्यात अंतिम लढत होते आणि जिंकणाऱ्याला गदा मिळते.

जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात माती विभागाची निर्णायक कुस्ती सोलापूर जिल्ह्यातल्याच दोन मल्लांमध्ये झाली. एक मोहोळचा सिकंदर शेख आणि दुसरा महेंद्र गायकवाड. महेंद्रने टांग मारली आणि पंचांनी त्याला चार गुण दिले. डाव पूर्ण झालाच नव्हता, असं सिकंदरच्या चाहत्यांचं म्हणणं होतं. तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा, संथ करून पाहिला गेला. वादाला जातीधर्माचाही रंग देण्याचा प्रयत्न झाला. पंचांना फोनवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदरने शिवराज राक्षेला काही सेकंदांत चितपट करून गदा मिळवली, पण जानेवारीचा वाद चाहत्यांच्या बोलण्यातून गेला नाही.

२ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरमध्ये त्याहून वाईट घडलं. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळविरुद्ध शिवराज राक्षेला चितपट दिलं गेलं. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असं म्हणत त्याने फेरतपासणी मागितली. वाद वाढला आणि त्याने पंचांना लाथ मारली. पुढे किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाडही निर्णयावर नाराज होऊन मैदानाबाहेर गेला आणि पृथ्वीराज विजयी झाला. शिवराज आणि महेंद्र या दोघांवर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली.

दोन महिन्यांच्या आत, त्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, कर्जतला आणखी एक महाराष्ट्र केसरी झाली. तिथे सोलापूर जिल्ह्याचा वेताळ शेळके जिंकला. एकाच वर्षी एकाच नावाच्या दोन स्पर्धा कशा? कारण राज्यातल्या कुस्तीच्या संघटनाच दोन झाल्या आहेत. जुनी कुस्तीगीर परिषद, जिचं अध्यक्षपद दीर्घकाळ शरद पवार यांच्याकडे होतं. आणि नवा कुस्तीगीर संघ, ज्याचे अध्यक्ष भाजपचे रामदास तडस.

म्हणजे पैलवान मातीत खरा घाम गाळतो, पण स्पर्धा कुणाची, पंच कुणाचे आणि गदा कुणाच्या हस्ते, हे राजकारणाच्या छायेत ठरतं. अशा वेळी प्रेक्षकाने "सगळं ठरलेलं असतंय" म्हटलं, तर त्याला पूर्ण दोष देता येत नाही.

पण या वाक्याची किंमत कोण मोजतं?

दोन प्रसंग पाहू.

पहिला अमेरिकेतला. २३ मे १९९९, कॅन्सस सिटी. पैलवान ओवेन हार्टला छतावरून दोरीने रिंगमध्ये उतरवायचं होतं. हुक सुटला आणि तो खाली कोसळला. सभागृहातल्या अनेकांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. समालोचक जिम रॉस यांना घरी बसलेल्या प्रेक्षकांना सांगावं लागलं की हा मनोरंजनाचा भाग नाही, हे खरं आहे. ओवेन हार्टचा मृत्यू झाला. वर्षानुवर्षं खोटं पडणं बघितलेल्या डोळ्यांना खरं पडणं ओळखता आलं नाही. कार्यक्रम तर पुढेही सुरूच राहिला.

दुसरा दिल्लीतला. १८ जानेवारी २०२३ रोजी विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया आणि इतर पैलवान जंतरमंतरवर बसले. भारतीय कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष आणि भाजप खासदार ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर त्यांनी महिला पैलवानांच्या लैंगिक छळाचे आरोप केले. सिंह यांनी आरोप फेटाळले. एप्रिलमध्ये आंदोलन पुन्हा सुरू झालं. २८ मे रोजी, नव्या संसद भवनाचं उद्घाटन होत असताना, पोलिसांनी पैलवानांना रस्त्यावरून उचललं. जूनमध्ये दिल्ली पोलिसांनी आरोपपत्र दाखल केलं. अल्पवयीन मुलीच्या तक्रारीचं प्रकरण मे २०२५ मध्ये न्यायालयाने बंद केलं. इतर महिलांच्या तक्रारींवरच्या खटल्यात मे २०२४ मध्ये आरोप निश्चित झाले.

या सगळ्या काळात पैलवानांना सर्वाधिक ऐकावं लागलं ते हेच की हे राजकीय नाटक आहे, यांना कुणीतरी पुढे केलंय. सप्टेंबर २०२४ मध्ये विनेश आणि बजरंग काँग्रेसमध्ये गेले, विनेश जुलानातून आमदार झाली. तेव्हा "बघा, आधीच ठरलं होतं" म्हणणाऱ्यांना पुरावा मिळाल्यासारखं वाटलं.

पण तो पुरावा नव्हता. पैलवान पुढे कुठल्या पक्षात गेला, यावरून त्याची आधीची तक्रार खरी की खोटी हे ठरत नाही. ते तपासातून आणि न्यायालयातून ठरतं. 'वर्क की शूट' हा प्रश्न रिंगपुरता मजेचा आहे. एखाद्या मुलीच्या तक्रारीला तो लावला, की ऐकण्याआधीच निकाल दिला जातो.

मग फरक ओळखायचा कसा?

कुस्तीचा मुरलेला चाहता नकळत काही प्रश्न विचारत असतो. तेच इतरांनाही उपयोगी पडतात.

सोंग आहे हे प्रेक्षकाला सांगितलं आहे का? डब्ल्यूडब्ल्यूई आणि हास्यजत्रेत सांगितलेलं असतं. नुरा कुस्तीत लपवलेलं असतं. गोष्ट ठरवलेली असणं हा गुन्हा नाही, ती लपवून पैसे किंवा मत घेणं ही फसवणूक आहे.

निकालाचं ओझं कुणावर पडतं? रिंगमध्ये हरलेला पैलवान पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो. महाराष्ट्र केसरीत चुकीच्या निर्णयाने हरलेल्याची वर्षभराची मेहनत, खुराकासाठी घरच्यांनी काढलेलं कर्ज आणि कधी कधी नोकरीची संधीही जाते.

तपासायची सोय आहे का? मैदानात पंचांचा निर्णय व्हिडिओवर पुन्हा बघता येतो की नाही, संघटनेकडे दाद मागता येते की नाही, हे महत्त्वाचं. जिथे तपासायची सोय नसते, तिथे अफवा वाढते.

आपण शंका घेतोय की आळस करतोय? "सगळेच सारखे" म्हणणारा माणूस स्वतःला हुशार समजतो. पण सगळ्यावर विश्वास ठेवणारा आणि कशावरच न ठेवणारा, दोघेही एक काम टाळतात. ते म्हणजे प्रत्येक कुस्ती वेगळी बघण्याचं.

मैदानाच्या कडेला बसलेला जुना शौकीन हे काम मुकाट्याने करत असतो. कुस्ती लागली की तो पैलवानांच्या चेहऱ्याकडे बघत नाही, पायांकडे बघतो. वजन कुठल्या पायावर आहे, पकड खरी आहे की नुसता हात ठेवलाय, हे त्याला तिथून कळतं. मग कुस्ती बरोबरीत सुटली तरी तो उठून ओरडत नाही. कधी म्हणतो, "दोघंबी चांगली लढली." आणि कधी नुसताच धोतर झटकून घरची वाट धरतो.

मैंदर्गीत नगरपरिषदेच्या निवडणुकीतही त्याला तेवढंच करायचं असतं. कोण कुणावर काय बोललं, यापेक्षा निवडून आल्यावर कोण कुठे उभं राहिलं, नळाला पाणी किती दिवसांनी आलं, हे बघायचं. चेहऱ्यावरचा राग सोंगाचा असू शकतो, कोरडा नळ नाही.